गोवा १९५१ ते १९६१ : ‘नॅरेटिव्ह’चा परराष्ट्र धोरणावरचा परिणाम कागदावर दाखवायचा कसा?

पाणवठा
‘नॅरेटिव्ह सेट करणं’ हा शब्द आता निवडणुकीपासून क्रिकेटपर्यंत सगळीकडे चालतो. आंतरराष्ट्रीय राजकारणात त्याचा नेमका अर्थ काय धरायचा? एखादा देश स्वतःबद्दल जी गोष्ट सांगतो आणि तो जे निर्णय घेतो, यांचा सांधा कागदपत्रांतून दाखवता येतो का? की निर्णय सैन्य आणि पैसाच करतात आणि गोष्ट मागाहून चिकटवली जाते?

उदाहरण म्हणून गोवा घेतला आहे. पोर्तुगालने १९५१ मध्ये घटनेतून ‘वसाहत’ शब्द काढून ‘सागरपार प्रांत’ हा शब्द घातला. भारत ‘वसाहतवादाचा अवशेष’ म्हणत राहिला. शेवटी १८ आणि १९ डिसेंबर १९६१ ला दीड दिवसात लष्कराने काम उरकलं. मग त्या दहा वर्षांच्या शब्दांच्या लढाईचा परिणाम शोधायचा कुठे?

दफ्तरदार
भाषणांत शोधू नका. तिथे सगळेच सगळं बोलतात. शब्द कोणत्या नियमाला जाऊन अडकतो ते बघा.

१९३० च्या ‘वसाहत कायद्या’त पोर्तुगाल स्वतः अभिमानाने ‘वसाहती साम्राज्य’ म्हणत होता. मग २१ वर्षांनी तो शब्द नकोसा का झाला? कारण संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत कलम ७३ आहे आणि त्याचं ‘ई’ हे उपकलम आहे. ज्यांच्या ताब्यात स्वशासन नसलेले प्रदेश आहेत, त्यांनी तिथल्या आर्थिक, सामाजिक आणि शैक्षणिक स्थितीची माहिती सरचिटणीसांना नियमित पाठवायची. माहिती गेली की चर्चा होते आणि चर्चा झाली की ठराव येतो. पोर्तुगालला १४ डिसेंबर १९५५ ला सदस्यत्व मिळालं. त्यानंतर सरचिटणीसांनी सगळ्या नव्या सदस्यांना विचारलं, तुमच्याकडे असे प्रदेश आहेत का? लिस्बनचं, म्हणजे पोर्तुगाल सरकारचं, उत्तर होतं, नाहीत. गोवा प्रांत आहे, प्रांत म्हणजे देशाचाच भाग, आणि देशांतर्गत बाबीत संयुक्त राष्ट्रांना हात घालता येत नाही. एका शब्दावर पाच वर्षं तग धरला त्यांनी.

हे दार डिसेंबर १९६० मध्ये बंद झालं. १४ तारखेला ठराव १५१४ आला, वसाहतींना स्वातंत्र्य देण्याचा. बाजूने ८९, विरोधात शून्य, तटस्थ ९. दुसऱ्या दिवशी १५४१ आणि १५४२. लोक १५१४ वर थांबतात, पण गोव्यासाठी खरं काम पुढच्या दोघांनी केलं. १५४१ ने कसोटी घालून दिली : जो प्रदेश राज्यकर्त्या देशापासून भौगोलिकदृष्ट्या वेगळा आणि वंशाने किंवा संस्कृतीने भिन्न आहे, तो प्रथमदर्शनी कलम ७३ मध्ये येतो, त्याला घरात काहीही नाव ठेवा. १५४२ ने पोर्तुगालच्या नऊ प्रदेशांची नावानिशी यादीच दिली.

त्या यादीतली गोव्याची ओळ मुळातून वाचा. ‘गोवा आणि त्याच्या अखत्यारीतील प्रदेश, ज्याला भारत राज्य म्हटले जाते.’ ‘एश्तादु दा इंदिया’ हे पोर्तुगालचं अधिकृत नाव होतं. ‘म्हटले जाते’ एवढ्याने ते नाव पोर्तुगालपुरतं उरलं आणि मुख्य नाव गोवा झालं. नॅरेटिव्ह कागदावर असं बदलतं.

सांजवात
दफ्तरदारांशी सहमत. पण अर्धीच बाजू झाली. गोष्ट ऐकणाऱ्याला पटते की नाही हा एक भाग. ती सांगणाऱ्याचे हात कसे बांधते, हा दुसरा, आणि माझ्या मते जास्त महत्त्वाचा.

भारताने फेब्रुवारी १९५० मध्ये वाटाघाटींचा प्रस्ताव दिला होता. पोर्तुगालने तो बोलण्याजोगाच मानला नाही. १९५१ नंतर तर मागे फिरायची वाटच उरली नाही : स्वतःच्या प्रांताबद्दल परक्या देशाशी बोलणार काय? शिवाय गोव्याबद्दल एक पाऊल मागे घेतलं की आफ्रिकेतल्या अंगोला आणि मोझांबिकसाठी तोच युक्तिवाद कोसळतो. गोव्याचं आर्थिक मोल त्या मानाने थोडं होतं, पण सगळ्या साम्राज्याची गोष्ट एकाच खांबावर उभी होती. म्हणून १४ डिसेंबर १९६१ ला पोर्तुगालचे पंतप्रधान सालाझार यांनी गोव्याचे गव्हर्नर जनरल व्हासालू इ सिल्व्हा यांना शरणागती अपेक्षित नसल्याचा आणि अखेरपर्यंत लढण्याचा संदेश पाठवला. तिथे सैनिक होते साधारण साडेतीन हजार, लढाऊ विमान एकही नव्हतं. लष्करी हिशेबाने तो आदेश निरर्थक होता. ‘मातृभूमीचा तुकडा न लढता देत नाहीत’ या गोष्टीच्या हिशेबाने तो अटळ होता. गव्हर्नरांनी १९ तारखेला शरणागती पत्करली, लोकांचे जीव वाचवले, आणि मायदेशी त्यांना सैन्यातून काढून टाकलं गेलं.

भारताचे हातही बांधलेले होतेच. ‘आम्ही वाद शांततेने सोडवतो’ ही नेहरूंची जगभरची ओळख. १५ ऑगस्ट १९५५ ला नि:शस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाला, माणसं मेली. तरी दिल्लीने सैन्य पाठवलं नाही. उलट सत्याग्रह थांबवायला लावला, संबंध तोडले, नाकेबंदी केली. दादरा आणि नगर हवेली १९५४ मध्येच मुक्त झालं होतं, पण ते भारतात विलीन व्हायला ऑगस्ट १९६१ उजाडला. ताकद नव्हती म्हणून ही वाट पाहिली असं कोणी म्हणणार नाही.

ही कोंडी फुटली ती भारताच्याच दुसऱ्या गोष्टीने. ‘शांततावादी भारत’ आणि ‘वसाहतवादविरोधी भारत’ या दोन गोष्टी इतकी वर्षं जोडीने चालल्या. १९६१ मध्ये अंगोलात उठाव झाला आणि त्या एकमेकींच्या आड आल्या. ऑक्टोबरमध्ये दिल्लीत पोर्तुगीज वसाहतींवर परिसंवाद झाला. पोर्तुगीज आफ्रिकेतल्या स्वातंत्र्य चळवळींच्या नेत्यांचं म्हणणं स्पष्ट होतं : गोव्याबाबत तुम्ही थांबलात म्हणून आम्ही अडलोय. नोव्हेंबरात पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या अंजदीव बेटाजवळ प्रवासी बोटीवर आणि मच्छिमारांवर गोळ्या झाडल्या गेल्या, ते तात्कालिक कारण. कारवाईच्या आधीच्या तीन महिन्यांतली नेहरूंची वक्तव्यं तारखेनुसार लावा. कोणती गोष्ट मागे पडत गेली ते दिसेल.

पाणवठा
हे खूप उपयोगी आहे. पण सुरक्षा परिषदेत भारताची गोष्ट चालली असं म्हणता येईल का? तिथे तर मतं विरोधात गेली.

तराजू
नाही, म्हणता येणार नाही, आणि इथेच बरेच लेख घसरतात. १८ डिसेंबरला अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांचा मसुदा होता : युद्धबंदी आणि भारतीय फौजांची माघार. बाजूने ७, विरोधात ४. सोव्हिएत नकाराधिकारामुळे तो पडला. सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक (इजिप्त) यांनी पोर्तुगालची तक्रार फेटाळण्याचा मसुदा आणला, तोही ४ विरुद्ध ७ ने पडला. म्हणजे च. शे. झा यांनी भारतातर्फे मांडलेला ‘ही सीमा नव्हेच, हा वसाहतवादाचा प्रश्न आहे’ हा मुद्दा त्या खोलीत बहुमताला पटला नाही. भारत वाचला तो नकाराधिकाराने.

परिणाम त्या खोलीबाहेर बघा. नकाराधिकार आला की प्रकरण आमसभेत नेता येतं. अमेरिकेचे तिथले प्रतिनिधी स्टीव्हन्सन त्या रात्री संयुक्त राष्ट्रांच्या अंताची भाषा बोलले, पण प्रकरण तिथे नेलं नाही. महत्त्वाच्या प्रश्नाला दोन तृतीयांश मतं लागतात, आणि ज्या सभेने वर्षभरापूर्वी १५१४ आणि १५४२ मंजूर केले, तिथे ती जमणं कठीण होतं. गोष्टीने निकाल ठरवला नाही. निकालानंतर भारताला मोजावी लागणारी किंमत कमी केली. दावा एवढाच ठेवा, टिकेल.

उलट पुरावाही नोंदवा. मार्च १९६१ मध्ये अंगोलाच्या प्रश्नावर अमेरिकेने पोर्तुगालविरुद्ध मत दिलं होतं. पुढे सूर मवाळ झाला, कारण अझोर्स या पोर्तुगीज बेटांवरच्या लाजेश तळाचा अमेरिकेशी असलेला करार १९६२ अखेर संपत होता. तिथे तळ जिंकला, गोष्ट हरली. नाटो या पाश्चात्त्य लष्करी युतीचंही तसंच : कराराच्या सहाव्या कलमाचं क्षेत्र मुख्यतः युरोप, उत्तर अमेरिका आणि कर्कवृत्ताच्या उत्तरेच्या अटलांटिकपुरतं, त्यामुळे ‘प्रांत’ म्हटल्याने गोव्याला संरक्षण मिळालं नाही. शब्द नियमाला भिडलाच नाही.

एक शब्द मात्र अमेरिकेला उगाचच महागात पडला. २ डिसेंबर १९५५ ला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस आणि पोर्तुगालचे कुन्या यांच्या संयुक्त निवेदनात ‘पोर्तुगीज प्रांत’ असं आलं. पत्रकारांनी टोकल्यावर डलेस यांनी तेच पुन्हा म्हटलं. सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह आणि बुल्गानिन त्याच सुमाराला भारत दौऱ्यावर होते आणि गोव्यावर भारताची बाजू घेत होते. यजमानांना खूश करायचं त्यांचं काम डलेस यांनी सोपं करून दिलं.

दफ्तरदार
तराजू यांची दुरुस्ती मान्य. हेगच्या खटल्याबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो, कारण मराठी वाचकाला तो आतून कळेल असा आहे.

दादरा आणि नगर हवेलीकडे जाण्याच्या वाटेवरून पोर्तुगालने १९५५ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला. मूळ आधार १७७९ चा पेशव्यांशी झालेला तह. पोर्तुगाल म्हणे, मराठ्यांनी आम्हाला सार्वभौमत्व दिलं. न्यायालयापुढे तहाच्या १७ व्या कलमाचे वेगवेगळे पाठ आणि १७८३ व १७८५ च्या सनदा होत्या. निष्कर्ष निघाला की दिला होता तो १२,००० रुपये उत्पन्नाचा सरंजाम, म्हणजे महसुलाचा हक्क. अशा शब्दरचनेतून मुलूख सार्वभौमत्वासह दिला गेल्याचं एकही उदाहरण समोर आलं नाही. ‘सरंजाम’ म्हणजे काय हे मराठी दप्तर वाचणाऱ्याला सांगावं लागत नाही, पण हेगमध्ये त्यावर पोर्तुगालच्या जुन्या हक्काचा पाया गेला.

तरी १२ एप्रिल १९६० चा निकाल एकतर्फी नाही. ब्रिटिश काळात पोर्तुगालचं सार्वभौमत्व मान्य झालं होतं, म्हणून खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि माल नेण्याचा हक्क होता. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रं यांना नव्हता. १९५४ मध्ये भारताने वाट अडवून जबाबदारी मोडली नाही. दोन्ही राजधान्यांना आपापल्या लोकांना सांगण्याजोगं वाक्य मिळालं, आणि बऱ्याच पुस्तकांत त्यातलं एकच उतरलंय. निकालाचा शेवटचा परिच्छेद पूर्ण वाचूनच उद्धृत करा.

सांजवात
@पाणवठा, कामाला बसताना तीन रकाने करा : शब्द, तो ज्या नियमाला भिडतो तो नियम, आणि त्यामुळे कोणाला काय करता आलं नाही. तिसरा रकाना रिकामा राहिला तर ती ओळ खोडा, तो नुसता प्रचार. तारीख निर्णयाच्या आधीचीच हवी. १९६२ च्या आठवणींतलं समर्थन १९६१ च्या निर्णयाचं कारण म्हणून धरलं की सगळी मांडणी बिघडते. आणि मराठवाड्याकडचे असाल तर १९४८ ची ‘पोलीस कारवाई’ शेजारी ठेवून पाहा. हैदराबादने ऑगस्टमध्ये सुरक्षा परिषदेकडे तक्रार नेली होती. दोन देशांतलं युद्ध की देशांतर्गत बंदोबस्त, हा सगळा वाद त्या ‘पोलीस’ शब्दात होता.

शेवटची नोंद ३१ डिसेंबर १९७४ च्या करारासाठी ठेवा. लिस्बनमध्ये त्या एप्रिलात राजवट बदलली, म्हणून करार शक्य झाला. पहिल्या कलमात पोर्तुगाल गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेलीवर भारताचं पूर्ण सार्वभौमत्व मान्य करतो, हे प्रदेश भारतीय घटनेनुसार भारताचा भाग झाले त्या तारखांपासून. त्यात ‘मुक्ती’ नाही आणि ‘आक्रमण’ही नाही. तेरा वर्षं अडलेलं काम त्या एका तारखेच्या वाक्याने मोकळं झालं. तुमच्या पहिल्या रकान्यात ते वाक्य जसंच्या तसं उतरवून घ्या.