तारांपेक्षा ट्रॅम्पोलिन
दिग्दर्शक किंग हूच्या 'अ टच ऑफ झेन' या तलवारबाजीच्या सिनेमात पहिला जवळजवळ तासभर तलवारच उपसत नाहीत अशी काहींची तक्रार असते, ते खरंय, मी पण पहिल्यांदा तिथेच बंद केला होता. पण उड्या मारताना "सगळे तारांना लटकवलेले वाटतात" असंही म्हणतात, ते काही पटलं नाही. किंग हूच्या उड्यांमागे मुख्यतः ट्रॅम्पोलिन आणि एडिटिंगची कात्री आहे, माणूस उडी घेताना एक शॉट, हवेत अगदी निमिषभर, आणि लगेच खाली उतरताना, मधलं आपलं डोकंच भरून काढतं. बांबूच्या बनातली ती मारामारी, पडद्यावर काही मिनिटांची, पण शूटिंगला म्हणे २५ दिवस लागले.

अजून एक, कोणी लिहिलं नाही म्हणून सांगतो, हेडफोन लावून बघा. मारामारीच्या वेळी जी टकटक वाजते ना ती पेकिंग ऑपेरातल्या, म्हणजे चीनच्या पारंपरिक संगीत नाट्यातल्या, तालवाद्यांची. फाइट डायरेक्टर हान यिंगजिए तिथलाच, त्यामुळे लोक वार करायच्या आधी पोज घेऊन थांबतात, आपल्याकडे दशावतारात युद्धाच्या वेळी पखवाज-झांजेवर पावलं पडतात तसंच काहीसं. हे कळल्यावर ते थांबणं खोटं वाटेनासं झालं मला, उलट आता तेच जास्त आवडतं. १९७५ला कान्सला टेक्निकल प्राइझ मिळालं ते उगाच नाही.