अनुभव धागा: ओळखीचं यान पुन्हा दिसलं तेव्हा…

म्हापसा (धागाकर्ती)

मंडळी, गेल्या आठवड्यात लेकाबरोबर ‘स्टार ट्रेक : पिकार्ड’ या अंतराळमालिकेचा तिसरा सीझन पाहिला. आहे २०२३ चा, आमच्या घरी पोचायला उशीर झाला. शेवटाकडे संग्रहालयाच्या हँगरमध्ये ‘नेक्स्ट जनरेशन’ या आधीच्या मालिकेतलं जुनं यान, एंटरप्राइज-डी, उभं असतं. म्हातारी झालेली मंडळी ब्रिजवर, म्हणजे यानाच्या नियंत्रणकक्षात, पाय ठेवतात, एकेक दिवा लागतो, तोच गालिचा, त्याच खुर्च्या. मला रडू आवरेना. लेक पंधरा वर्षांचा. म्हणाला, “आई, जुनंच तर यान आहे, त्यात रडायचं काय?”

त्याला धड उत्तर देता आलं नाही, म्हणून हा धागा काढतेय.

माझी सुरुवात मामापासून. मामा बोटीवर होता, सुट्टीवर आला की व्हिडिओ कॅसेटी आणायचा. त्यात ‘स्टार ट्रेक’चा ‘द रॅथ ऑफ खान’ हा सिनेमा होता, १९८२ चा. त्यातलं रिलायंट हे यान मला पाठ झालं होतं: बसकं, पाठीवर कमान, इंजिनं पोटाखाली लोंबणारी. पुढे नव्वदीत केबलवर ‘नेक्स्ट जनरेशन’ पाहताना एक यान आलं, नाव लँट्री. पाठीवरची कमान नव्हती, पण मी खुर्चीतून उठलेच. हे तर रिलायंट! त्या दिवसापासून वहीत नोंदी करू लागले. कुठलं यान, कुठल्या भागात, कोणत्या नावाने. ती वही अजून कपाटात आहे.

तुमच्याकडेही असं काही असेल. ते ओळखलंत तो क्षण लिहा, मग आनंद झालेला असो की राग आलेला.

फोंडा

ताई, तुमची वही वाचायला आवडेल.

मी देवळाच्या उत्सवातल्या नाटकांत वाढलो. पडदे भाड्याने यायचे. दरबाराचा पडदा एकच. पहिल्या रात्री त्यापुढे रायगड, दुसऱ्या रात्री हस्तिनापूर. आम्हा पोरांना पडद्यावरच्या खांबाचा उडालेला रंगसुद्धा ठाऊक होता, पण गाणं सुरू झालं की तो टवका दिसायचा नाही.

‘खान’मधलं रेग्युला वन हे अंतराळस्थानक आठवतं ना? ते म्हणजे १९७९ च्या पहिल्या सिनेमातलं कक्षेतलं कार्यालय, उलटं केलेलं. हे कळलं तेव्हा मला फसवल्यासारखं वाटलं नाही. आमच्या पडदेवाल्याची आठवण आली. तोही जंगलाच्या पडद्याचा वरचा भाग गुंडाळून त्याची बाग करायचा.

यानं पुन्हा का वापरत, त्यामागे मेहनतीचा हिशेब आहे. यानाची प्रतिकृती एका जागी उभी, कॅमेरा संगणकाच्या आज्ञेने रुळावरून तिच्याजवळ येणार. मग तीच हालचाल तंतोतंत पुन्हा: एकदा यानाच्या अंगावरच्या प्रकाशासाठी, एकदा खिडक्यांच्या दिव्यांसाठी, एकदा इंजिनांच्या झळाळीसाठी. मग सगळं एकावर एक बसवायचं. काही सेकंदांसाठी एवढा खटाटोप. म्हणून ‘नेक्स्ट जनरेशन’च्या १९८७ च्या पहिल्या भागासाठी चित्रित केलेली एंटरप्राइज-डीची उड्डाणं सात वर्षं पुन्हा पुन्हा दिसत राहिली. मी दर वेळी तेवढ्याच मनाने पाहिली. ज्याने तो रूळ टाकला, त्याच्या हाताला मी आजही नमस्कार करीन.

डिचोली

माझा अनुभव कडू आहे. ‘जनरेशन्स’ या ‘स्टार ट्रेक’ सिनेमात, १९९४ मध्ये, शत्रूचं, म्हणजे क्लिंगॉनांचं, बर्ड ऑफ प्रे हे यान फुटतं तो स्फोट आधीच्या, १९९१ च्या सिनेमातलाच आहे. तुकडाच्या तुकडा उचललेला. मी दोन्ही सिनेमे एकाच आठवड्यात सीडीवर पाहिले, त्यामुळे लगेच कळलं. त्या यानावरच्या दोन क्लिंगॉन बहिणींनी एंटरप्राइज-डी पाडलं, आणि बदल्यात त्यांचा शेवट दुसऱ्याच्या मरणाचा! यान पुन्हा वापरा, पण त्याचं मरण तरी त्याचं स्वतःचं असू द्या.

म्हापसा (धागाकर्ती)

“मरण त्याचं स्वतःचं” हे पटलं. उडणं उसनं घेतलेलं चालतं, तेवढं मात्र नाही.

वास्को

मी नौदलात तंत्रज्ञ होतो, बरीच वर्षं दाबोळीला. कल्पनेतल्या यानांवर बोलण्याचा मला अधिकार नाही, पण एंटरप्राइजचा १७०१ हा आकडा पिढ्यानपिढ्या का चालतो, ते मी चांगलं समजू शकतो.

आमचं पहिलं विक्रांत १९६१ मध्ये दाखल झालं आणि त्याच डिसेंबरात, गोवा मुक्तीच्या वेळी, ह्याच समुद्रात गस्तीला होतं. १९९७ मध्ये निवृत्त झालं. काही वर्षं मुंबईत संग्रहालय म्हणून राहिलं, शेवटी २०१४ मध्ये भंगारात गेलं. ती बातमी वाचली त्या दिवशी मी जेवलो नाही. मग २ सप्टेंबर २०२२ ला कोचीत नवीन विक्रांत दाखल झालं. आकार वेगळा, आकारमान दुपटीहून जास्त, पण क्रमांक तोच, आर ११. टीव्हीसमोर मी एकटाच उभा राहिलो.

भाच्याने एक मोटारसायकल घेतली होती, जिच्या टाकीत जुन्या विक्रांतचा धातू वापरलाय. घरी आला की मी आधी त्या टाकीवर हात ठेवतो, मग त्याला पाणी विचारतो.

पणजी

२५ डिसेंबर २०१५. ‘स्टार वॉर्स’चा ‘द फोर्स अवेकन्स’ भारतात नाताळच्या दिवशीच लागला. सकाळी मित्राच्या घरी बेबिंका खाऊन आम्ही पाचजण थेट थिएटरात. वाळवंटात दोघं पळतायत, एक यान डोळ्यांसमोर स्फोटात उडवलं जातं, आणि “भंगार” म्हणून नाकारलेलं दुसरंच घ्यावं लागतं. कॅमेरा वळतो तर जुन्या सिनेमांतलं मिलेनियम फाल्कन. पूर्ण थिएटर ओरडलं. शेजारच्या अनोळखी काकांनी माझा खांदा घट्ट धरला.

मला मात्र सगळ्यात भिडली ती वरची अँटेना. १९८३ च्या सिनेमात गोल थाळी मोडून पडली होती, तर इथे चौकोनी बसवलेली आहे. म्हणजे मधली तीस वर्षं त्या यानानेही काढली. डिचोलीकरांचं दुःख मला इथेच कळतं. जुनं यान परत आणायचं तर त्याच्या जखमाही आणायला हव्यात.

आणि फाल्कनचा पहिला आराखडाही वाया गेला नाही. तो ‘स्पेस : १९९९’ या मालिकेतल्या ईगल यानासारखा दिसतो म्हणून बाजूला पडला आणि १९७७ च्या सिनेमात सुरुवातीला पाठलाग होणारं राजकन्येचं यान झाला.

पेडणे

हे वाचलंत का? १९९० च्या ‘नेक्स्ट जनरेशन’मध्ये बोर्ग या शत्रूने उद्ध्वस्त केलेल्या ताफ्याचं दृश्य आहे. त्यातल्या एका यानाची इंजिनं म्हणजे हायलायटर पेनं! आमच्या वाड्यावरच्या दिवाळीतल्या नरकासुराच्या पुतळ्याला आम्ही पोरांनी जुन्या टॉर्चचे डोळे बसवले होते. बातमी कळली तेव्हा आपल्याच वाड्यातल्या कोणीतरी ते यान केलंय असं वाटलं.

मडगाव

माझा उलटा प्रवास. १९७८ चं ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ मी पाहिलं नव्हतं. नवीन, २००३ पासूनचं आधी पाहिलं. त्यात गॅलॅक्टिका हे युद्धयान निवृत्त होऊन संग्रहालय व्हायला निघालंय. सायलॉन नावाचे यंत्रमानव हल्ला करतात, नवी यानं एकमेकांशी जोडलेली असल्यामुळे निकामी होतात, आणि हे म्हातारं जहाज तगतं, कारण त्याचे संगणक कधी जोडलेच नव्हते. संग्रहालयातली जुन्या घडणीची व्हायपर विमानं उडतात. नंतर मूळ मालिका पाहिली, तर तीच विमानं तिथे कोवळी, नवीकोरी. न पाहिलेल्या काळासाठी माझा जीव कासावीस झाला.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं. आमच्याकडे चार दिवस वीज नव्हती, फोन बंद. आजोबांचा ट्रान्झिस्टर मात्र सेल घातल्यावर बोलू लागला. आजोबांनी आवाज मोठा केला आणि माझ्याकडे पाहिलं. मला गॅलॅक्टिकाच आठवलं.

म्हापसा (धागाकर्ती)

वास्कोच्या काकांची नोंद घरात मोठ्याने वाचली. लेक ऐकत होता, बोलला काही नाही. काल रात्री स्वतःहूनच म्हणाला, मामाच्या कॅसेटवालं लाव. कॅसेट कधीच खराब झाली, पण सिनेमा मिळाला. त्याआधी दुपारी त्याने १९७९ वाला एकट्याने पाहिला होता, हे मला माहीत नव्हतं.

रेग्युला वन पडद्यावर आलं. त्याने सिनेमा थांबवला, लॅपटॉप उचलून उलटा धरला आणि म्हणाला, “आई, वही आण.”