सुक्या मिरचीत म्हणे 'क' जीवनसत्त्व ठासून भरलेलं!

तराजू: सकाळी कुणीतरी टाकलंय, "दोन सुक्या तिखट मिरच्या खा, 'क' जीवनसत्त्वाची चिंता सोडा." वाचून डोकंच फिरलं. 100 ग्रॅम ताज्या लाल मिरचीत 'क' साधारण 144 मिलिग्रॅम, उन्हात वाळवलेलीत 31च्या आसपास. शिवाय ताजीत 88 टक्के पाणी. 100 ग्रॅम सुकी मिरची व्हायला साडेसातशे ग्रॅम ताजी लागते. तिच्यातलं हजारभर मिलिग्रॅम गेलं कुठं? उन्हात! आणि एक सुकी मिरची भरते जेमतेम अर्धा ग्रॅम. दोनशे मिरच्या खाणार का?

ठसका: 'क'चं रडगाणं पुरे. 'अ'बद्दल गप्प का? लाल रंग कॅरोटिनॉइड नावाच्या रंगद्रव्यांचाच ना? त्यांतल्याच काहींपासून शरीर 'अ' बनवतं. तंतू 28 ग्रॅम, लोह 6 मिलिग्रॅम. आमचे आजोबा नव्वदीतही रोज तिखट खायचे, चष्मा नव्हता.

तराजू: परत 100 ग्रॅमचेच आकडे! आजोबांना नमस्कार, पण ते वाटीभर मिरच्या खात नसणार.

भुरभुर: मी बिया काढून टाकते. तिखटपणा सगळा बियांत असतो.

देठ: नाही हो! आतल्या शिरेत असतो. सुकल्यावर ती पिवळट पापुद्र्यासारखी दिसते, बिया तिलाच चिकटलेल्या असतात.

भुरभुर: वीस वर्षं स्वयंपाक करतेय. मला मिरची शिकवू नका.

देठ: शिकवत नाही, भोगलंय ते सांगतो. चिमट्यानं शीर वेगळी केली, बी चावलं, नुसती चुरचुर. शीर जिभेवर ठेवली आणि पाच मिनिटं बोलता येईना. वर त्याच बोटांनी डोळा चोळला. पाण्यानं हात धुतले होते, पण मिरचीला तिखट करणारं कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही.

तराजू: धागा पोषणाचा आहे, डोळ्यांचा नाही.

ठसका: कॅप्सेसिन हेही पोषणच!

देठ: ते जीवनसत्त्वही नाही, खनिजही नाही. उष्णता ओळखणारा चेतापेशींवरचा ग्राही ते चाळवतं, म्हणून भाजल्यासारखं वाटतं. तो ग्राही शोधल्याबद्दलच डेव्हिड ज्युलियस यांना 2021चं नोबेल मिळालं.

ठसका: वा, आता नोबेल आणलं! माझ्या 'अ'चं उत्तर कुठाय?

तराजू: घ्या. पाच ग्रॅम तिखटातून दिवसाच्या गरजेचं सात-आठ टक्के 'अ' मिळेल, तेही सोबत तेल असेल तर. झालं समाधान?

ठसका: म्हणजे मिळतं! एवढंच कबूल करायला इतका वेळ?

भुरभुर: आज शीर काढली, बिया ठेवल्या. कमी तिखट लागलं. मिरचीच जुनी असणार.