मदत हवी आहे: १९२७ च्या मुंबई कायदेमंडळाचं इतिवृत्त

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात नोकरी सांभाळून एम.ए. अर्थशास्त्र करतोय. प्रकल्प डॉ. आंबेडकरांवर: रुपयावरच्या १९२३ च्या ग्रंथापासून १९३७ ला विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षाचं नेतृत्व आणि खोतीविरोधी (कोकणातल्या खोतांच्या जमीनदारीविरोधी) विधेयकापर्यंत.

अडलंय १९२७ च्या अर्थसंकल्पावरच्या भाषणाशी. प्राप्तिकरात छोट्या माणसाला सूट, शेतसाऱ्यात मात्र नाही, हा मुद्दा त्यांनी काय धरलाय! शासनाच्या इंग्रजी समग्र खंडांपैकी दुसऱ्यात भाषण मिळालं. पण मला सरकारी बाजूचं उत्तरही हवंय, म्हणजे चर्चेचं पूर्ण इतिवृत्त. मुंबईला फार तर एखाद्या शनिवारी येऊ शकतो. विधान भवनाच्या ग्रंथालयात बाहेरच्या विद्यार्थ्याला कुणाचं पत्र लागतं, की स्कॅन प्रत कुठे घरबसल्या मिळते?