डेक्स्टरचे हात स्वच्छ कोणी ठेवले?

सदाशिवपेठी
पावसानं घरात डांबलं म्हणून 'डेक्स्टर' पुन्हा काढली. मायामी पोलिसांतला रक्ताच्या डागांचा तज्ज्ञ, सुटलेल्या खुन्यांना गुपचूप संपवतो. २००६ ते २०१३, ८ सीझन. (पाहिली नसेल तर इथंच थांबा.) या वेळी एक गोष्ट खटकली. त्याच्याच खात्यातले सार्जंट डोक्स आणि लागुएर्ता, दोघांनाही त्याचा बरोबर संशय येतो. दोघंही मरतात, पण डेक्स्टरच्या हातून नाही! डोक्सला डेक्स्टरची प्रेयसी लायला स्फोटात उडवते, लागुएर्तावर त्याची बहीण डेब्रा गोळी झाडते. नायक पकडला गेला तर मालिका बंद, म्हणून खरं ओळखणाऱ्याचा काटा काढायचा आणि वर नायकाला सोवळ्यात ठेवायचं. लबाडी आहे ही.

वारजेकर
अहो, मालिका आहे ती, न्यायसंहिता नव्हे. आम्ही बाबुराव अर्णाळकरांच्या रहस्यकथांतले झुंझार आणि काळापहाड लायब्ररीतून आणून रात्र रात्र वाचले. पुढे कुणी कुणाचा मुडदा पाडला नाही. आमचा जमिनीचा दावा १९ वर्षं तारखांवर चाललाय. पडद्यावर का होईना, कुणीतरी निकाल लावतं, तेवढीच शांत झोप.

निवृत्त बाई
पुण्यातल्या जोशी-अभ्यंकर खून प्रकरणाच्या वेळी मी कॉलेजात होते. १९७६-७७, १० खून. दिवेलागणीनंतर रस्ते ओस. ते खून करणारी कॉलेजची पोरं लोकांच्या तावडीत सापडली असती तर मीही टाळ्या वाजवल्या असत्या, कबूल करते. पण खटला चालला, एक जण माफीचा साक्षीदार झाला, कुणी काय केलं ते उजेडात आलं. १९८३ला येरवड्यात चौघांना फाशी झाली. मालिकेत गुन्हेगार कोण ते आपल्याला आधीच दाखवलेलं असतं. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात २०१८ला भिक्षा मागायला आलेल्या ५ जणांना मुलं पळवणारे समजून ठेचून मारलं, तिथल्या जमावालाही खात्रीच होती.

वारजेकर
बाई, राईनपाडा मध्ये आणू नका. ती अफवा होती. डेक्स्टर आधी पुरावा तपासतो. आणि किंमत दाखवलीय की! चौथ्या सीझनला ट्रिनिटी नावाच्या खुन्याला पोलिसांकडे न देता स्वतःच मारायचा हट्ट धरला, आणि घरी आला तर बाथटबमध्ये रीटा. मी दोन दिवस जेवलो नव्हतो.

सदाशिवपेठी
रीटा त्याची बायको, म्हणून तुम्ही जेवला नाहीत. त्याच सीझनमध्ये पुरावा तपासूनच त्यानं एका फोटोग्राफरला मारलं. नंतर कळलं, खून त्याच्या असिस्टंटनं केले होते. त्या निर्दोष माणसासाठी किती वेळ उपाशी राहिलात?

वारजेकर
फोटोग्राफर? कुठला फोटोग्राफर?