९० अंशांत ड्रिल नको

एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतला अस्थिबंध, नव्यानं बसवण्यासाठी मांडीच्या हाडात बोगदा करताना गुडघा ९० अंशांत ठेवला तर काय बिघडतं, असा एक प्रश्न आलाय. आतल्या बाजूच्या पोर्टलमधून (दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेतलं छोटं छिद्र) ड्रिल करत असाल तर बरंच बिघडतं. बोगदा आखूड होतो, मागची भिंत फुटू शकते आणि गाइड पिन (ड्रिलला दिशा देणारी बारीक तार) बाहेरच्या अंगाला पेरोनियल नसेच्या, म्हणजे पायाच्या मज्जातंतूच्या, जवळ निघते. निदान ११०-१२० अंश वाकवा आणि रीमर (पिनवरून बोगदा रुंद करणारं ड्रिल) बाहेर येईपर्यंत मदतनिसाला तो कोन सोडू देऊ नका. मध्येच पाय ढिला पडला की पिन वाकते. आतल्या कॉन्डाइलची (मांडीच्या हाडाच्या खालच्या गोल टोकाची) कूर्चा खरवडू नये म्हणून अर्धगोल रीमर चांगला.

नव्या एसीएलसाठी हॅमस्ट्रिंग (मांडीच्या मागच्या स्नायूंचे कंडरे) काढताना त्यातल्या सेमिटेंडिनोससपासून पोटरीच्या स्नायूकडे जाणारे पट्टे बोटानं चाचपून आधी कापा. एक जरी राहिला तरी स्ट्रिपर (कंडरा सोलून काढायचं हत्यार) तिकडे वळतो आणि कंडरा अर्ध्यातच तुटतो. घडी घातलेला ग्राफ्ट (एसीएलच्या जागी बसवायचा कंडरा) ८ मिमीपेक्षा बारीक भरला, तर लांबी पुरत असल्यास आणखी एक पदर घ्या. आपल्या कोल्हापुरात समोर तालमीतला पैलवान नाहीतर पेठेचा फुटबॉलपटू असतो. त्याच्या गुडघ्यात ७ मिमीवर भागवणं मला अजिबात पटत नाही.