निळ्या खोक्याची वर्गणी

प्रेषक: रेडिंगकर
विषय: डॉक्टर हू आणि आपले १७४ पौंड ५० पेन्स

सप्रेम नमस्कार मंडळी,

‘डॉक्टर हू’, म्हणजे निळ्या खोक्यातून काळात नि अवकाशात भटकणाऱ्या डॉक्टरची बीबीसीची जुनी मालिका. तिच्यात पैसे घालणाऱ्या अमेरिकेच्या डिस्ने प्लसने अंग काढून घेतल्याचं बीबीसीने जाहीर केलं, ते वाचलंत ना? २६ भागांचा करार होता, तो संपला आणि पुढे वाढला नाही. २०२६च्या नाताळात एक खास भाग येणार, तो मालिकेचे प्रमुख लेखक रसेल टी. डेव्हिस लिहिणार, एवढंच पक्कं. आमचे चिरंजीव (वय ९) रोज जेवताना विचारतात, “बाबा, आता डॉक्टर कोण?” हा डॉक्टर मरायला टेकला की रूप पालटतो आणि नवा नट येतो; मे २०२५मध्ये शेवटच्या भागात शूटी गाट्वाची बिली पायपर झाली आणि संपलंच. श्रेयनामावलीतही ती कोण म्हणून आलीय ते लिहिलेलं नाही. काय सांगू पोराला?

माझा प्रश्न मात्र पैशांचा आहे. टीव्ही लायसन्सचे, म्हणजे ब्रिटनमध्ये टीव्ही बघायच्या वार्षिक फीचे, २०२५ला १७४ पौंड ५० पेन्स आपण मुकाट्याने भरले, तरी बीबीसीला अमेरिकेपुढे पदर का पसरावा लागतो? खजिनदारकाका, तुम्ही आपल्या इथल्या मराठी मंडळाचे हिशोब सांभाळलेत. पुण्याच्या उन्हातून सवड झाली तर दोन ओळी लिहा.

---

प्रेषक: कोथरूडकर (माजी खजिनदार)
विषय: उत्तर: डॉक्टर हू आणि आपले १७४ पौंड ५० पेन्स

रेडिंगकर,

दोन ओळींत खजिनदार बोलला असं कधी झालंय का?

२०२४-२५ला लायसन्स भरणारी घरं सुमारे २ कोटी ३८ लाख, त्यातून बीबीसीकडे आले वर्षाला ३.८ अब्ज पौंडांच्या आसपास. आकडा ऐकून डोळे फिरतात. पण त्याच डब्यातून बातम्या, रेडिओ, खेळ, लहान मुलांचे कार्यक्रम, वर्ल्ड सर्व्हिसचा मोठा वाटा, सगळं भागवायचं. शिवाय २०२२ ते २०२४ अशी दोन वर्षं सरकारने फी १५९ पौंडांवर गोठवली. त्याच काळात वीज, पगार, लाकूड, सगळंच भडकलं होतं. वर्गणी तीच नि मांडववाल्याचं बिल दीडपट झाल्यावर काय होतं, हे तुम्ही-आम्ही पाहिलंय. त्यात ही मालिका म्हणजे दर आठवड्याला नवा ग्रह, नवे कपडे, नवा राक्षस. गेल्या भागातली चहाची टपरी पुन्हा वापरायची सोय नाही.

पण मला त्या मालिकेचं जे आवडतं ते सगळं टंचाईतूनच आलंय. २३ नोव्हेंबर १९६३ला पहिला भाग लागला. (आपल्या प्रसार भारतीचा जन्म १९९७चा, तारीख तीच, २३ नोव्हेंबर. योगायोग.) दिग्दर्शक लखनौत जन्मलेले वारिस हुसेन. बजेट एका भागाला सुमारे २,३०० पौंड. डॉक्टरचं यान जिथे जाईल तिथलं रूप घेणार, अशी मूळ कल्पना. दर वेळी नवं यान बांधायला पैसे कुठले? म्हणून यंत्र बिघडल्याचं सांगून टाकलं आणि पोलिसांचा निळा खोका कायमचा राहिला. त्या खोक्याचा घरघराट ब्रायन हॉजसनने आईच्या घराची किल्ली एका मोडक्या पियानोच्या तारांवर घासून काढला. डालेक हा मालिकेतला यांत्रिक राक्षस, त्याचा हात म्हणजे मोरी तुंबल्यावर वापरायचा रबरी पंप. १९७०ला मालिका रंगीत झाली, खर्च वाढला, तेव्हा डॉक्टरला शिक्षा म्हणून पृथ्वीवरच डांबलं आणि वर्षाचे ४४ भाग २५वर आणले. परग्रहांचा खर्च वाचला!

काल शनिवार पेठेत मामेभावाकडे गेलो होतो. त्याच्या वाड्यामागे पत्र्याच्या शेडमध्ये एक बुवा पूर्वी गणपतीचे हलते देखावे करत. आमच्या लहानपणचा त्यांचा बकासुर मला अजून दिसतो. पोतं नि कागदाचा लगदा, डोळ्यांत लाल झिरोचे बल्ब आणि हात वर नेणारी मोटारीच्या वायपरची मोटर. हात खाली येताना ‘खट्’ असा आवाज व्हायचा. तो बिघाड होता, पण आम्ही पोरं त्या ‘खट्’लाच किंचाळायचो. आता त्या मंडळाकडे एलईडीची भिंत भाड्याने येते आणि रस्त्यावर प्रायोजकांच्या कमानी. देखावा चकचकीत असतो. थांबून कुणी किंचाळत नाही.

तेव्हा डिस्ने गेलं तर जाऊ दे.

---

प्रेषक: कार्डिफकर
विषय: उत्तर: उत्तर: डॉक्टर हू आणि आपले १७४ पौंड ५० पेन्स

काका,

तुमचा बकासुर आवडला, पण गरिबीचं कौतुक दुरूनच शोभतं. माझे भाडेकरू याच मालिकेच्या सेटवरचे सुतार आहेत. मालिका थांबली की त्यांचं घरभाडं थांबत नाही आणि मलाही ते मागायला लाज वाटते.

टंचाईने सगळं छान झालं म्हणता, मग पुढचंही सांगा ना. १९८५ला मालिका दीड वर्ष थांबवली आणि १९८९ला बंदच झाली. तोवर लोक हलणाऱ्या भिंतींना हसायला लागले होते. पुठ्ठ्याचं कौतुक कुणाला उरलं नव्हतं. टेप महाग म्हणून जुन्या पुसून पुन्हा वापरल्या, त्यात साठच्या दशकातले नव्वदहून अधिक भाग गेले ते गेलेच. ही पण काटकसरच होती. जे सापडले त्यातले बरेचसे परदेशात विकलेल्या प्रतींमुळे. २०१३ला नऊ भाग नायजेरियात मिळाले! म्हणजे परदेशच्या पैशाने ही मालिका नुसती पोसली नाही, जपलीसुद्धा.

२००५ला ती इथे वेल्समध्ये पुन्हा उभी राहिली, ती खरे पैसे घातले म्हणून. कॅनडाची सार्वजनिक प्रसारणसंस्था सीबीसी तेव्हा सोबत होती. पहिल्याच भागाला एक कोटीहून जास्त प्रेक्षक. रेडिंगकरांचे चिरंजीव ज्या पडद्यावर डॉक्टर बघतात, त्याच पडद्यावर पुढच्या बटणाला अमेरिकन मालिका आहे. त्यांना तुमचं ‘खट्’ चालेल?

माझी तक्रार वेगळी आहे. तयार मालिका परदेशी विकणं निराळं आणि परक्याला चुलीपाशी बसवणं निराळं. १९९६ला हेच झालं होतं. अमेरिकन कंपन्यांबरोबर सिनेमा केला, इथे ९० लाखांवर लोकांनी पाहिला, पण अमेरिकेत चालला नाही म्हणून पुढची मालिका झाली नाही. इथल्या ९० लाखांना कुणी विचारलं नाही. या वेळीही पुढच्या हंगामाचा होकार यायचा होता बाहेरून, आणि तो येईतो लेखक, नट, सुतार सगळे ताटकळत. पैसे कमी असणं परवडतं, काका. ‘हो की नाही’ कळत नाही ते परवडत नाही.

---

प्रेषक: कोथरूडकर (माजी खजिनदार)
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: डॉक्टर हू आणि आपले १७४ पौंड ५० पेन्स

ताई,

सुतारांचं मी विसरलो होतो. कबूल.

तुमच्या मेलनंतर आपल्याच मंडळाच्या गणपतीचे मोदक आठवले. ज्या वर्षी आपल्याला प्रायोजक मिळाला, त्या वर्षी हॉल मोठा, मोदक केटररकडून. त्याआधी दहा-बारा जणी आदल्या रात्री कुणाच्या तरी स्वयंपाकघरात बसून उकड मळायच्या, अर्धे मोदक फुटायचे, भांडणं व्हायची. दोन वर्षांनी प्रायोजक गेला. पुन्हा हातवळणीचे करू म्हटलं, तर जमणाऱ्यांपैकी निम्म्या जणी राहिल्या नव्हत्या आणि नव्यांना कळ्या पडेनात. वर मुलांना मोठ्या हॉलची सवय. त्या वर्षी शिरा केला, आणि मला भरपूर बोलणी बसली. बीबीसीची धास्ती मला याचीच वाटते. पैसे गेल्यावर जुनी काटकसर आपोआप परत येत नाही, ती जमणारे हात लागतात.

आपल्या देशाचंही बघा. पूर्वी इथेही टीव्हीचं लायसन्स होतं, पोस्टात भरायचं. ऐंशीच्या दशकात ते गेलं. १९८४ला ‘हम लोग’ प्रायोजक घेऊन आली आणि पुढे दूरदर्शनचा गाडा जाहिरातींवर नि सरकारी पैशांवर चालला. १९९८ला ‘कॅप्टन व्योम’ अंतराळात जाऊन आला. पोरं वेडी झाली होती, माझा पुतण्यासुद्धा. तो किती वर्षं टिकला? वर्गणीवर उभी असलेली बीबीसी, मधे खंड पडला तरी, साठ वर्षं त्याच वेड्या कल्पनेमागे राहिली, हे प्रायोजकाला जमत नाही. तेव्हा रेडिंगकर, फी भरा. बीबीसी ज्या राजसनदेवर चालते ती २०२७अखेर संपतेय आणि फी राहणार की जाणार, तो घोळ तेव्हा निस्तरायचाय. मग एका मालिकेबद्दल नाही, सगळ्याच डब्याबद्दल भांडू.

आज पुन्हा बुवांकडे गेलो. ऐंशीच्या पुढचे आहेत. बकासुर कधीच मोडीत गेला, पण मोटरा पत्र्याच्या ट्रंकेत जुन्या ‘सकाळ’मध्ये गुंडाळून ठेवल्यात. एक काढून बॅटरीला जोडली. दांडा अर्धा वर गेला, थरथरला आणि अडकला. बुवांनी वास घेतला, म्हणाले, “जळली नाही. ग्रीस वाळलंय.”

१५ तारखेला परततोय. भाजणी नि मेतकूट कुणाला हवं ते शुक्रवारपर्यंत कळवा, माझ्या बॅगेत फक्त सहा किलोंची जागा आहे. चिरंजीवांसाठी एक मोटर आणतोय.